आधी कोपर, मग दगड : प्रस्तावना

घर बांधताना ओट्याचा नंबर शेवटी लागतो. पायवा, कॉलम, स्लॅब, भिंती, प्लास्टर, वायरिंग, नळफिटिंग एवढं सगळं होईपर्यंत सोयाबीनचे पैसे संपलेले असतात, तुरीचे कोणाकडून तरी आगाऊ उचललेले असतात. मग एक दिवस मिस्त्री सैपाकखोलीच्या दारात उभा राहून विचारतो, "भाऊ, ओट्याले काय टाकाचं?" प्रश्न भाऊला असतो. भाऊ अंगणात रेतीवाल्याशी हिशोब करत असतात. ते मान न वळवता म्हणतात, "टाका काळं काही." झाला ओटा.

पुढची पंचवीस-तीस वर्षं जिच्या पोटाशी हा दगड असणार, ती त्या वेळी शेजारच्या घरी मजुरांचा चहा उकळत असते. ही पुस्तिका मिस्त्रीचा प्रश्न आणि भाऊंचं उत्तर यांच्यामध्ये अर्धा तास थांबायला सांगण्यासाठी लिहिली आहे.

आसेगाव म्हटलं की आमच्याकडे माणूस आधी विचारतो, कोणतं? अमरावतीकडचं आसेगाव पूर्णा वेगळं, रिसोड तालुक्यातलं आसेगाव पेन वेगळं. आमचं मंगरूळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं आसेगाव. मी लग्न होऊन इथे आले. इंजिनिअर नाही, दगडाचा धंदाही नाही. नात्यात कोणी घर बांधायला काढलं की बघायला जायचं, एवढीच सुरुवात. पुढे पिशवीत मोजायचा टेप राहू लागला. आधी बायका हसल्या. मग एकेक जण "येऊन पाह्य व एकदा" म्हणून निरोप धाडू लागली. त्या फिरण्यात जे जमलं ते पुढच्या पानांत आहे.

ओटा हा शब्द मुळात घराबाहेरचा. दारापुढचा ओटा, लिंबाखालचा ओटा. त्यावर बसायचं असतं, आणि बसणारे बहुतेक पुरुष. बसल्यावर पाय जमिनीला टेकले नाहीत तरी काही अडत नाही, उलट लोंबते पाय सोडून गप्पा जास्त रंगतात. हाच शब्द सैपाकखोलीत शिरला तेव्हा त्याचं काम उलटं झालं. इथे बसायचं नाही, पुढ्यात उभं राहायचं. बाहेरच्या ओट्याची उंची गवंड्यानं अंदाजानं धरली तरी चालत आलं होतं. आतही तो तसाच अंदाजानं धरत राहिला.

आपल्या सैपाकाची हत्यारं तर सगळी बसणारीसाठी घडलेली. विळी पायाखाली दाबायची, पाटा गुडघ्यांपुढे घ्यायचा, परात मांडीजवळ ओढायची, जात्याशी एक पाय लांब करून बसायचं. चूल जमिनीवर, म्हणून तिच्याभोवतीचं सारं राज्य जमिनीवर. ते मोडलं रॉकेलच्या स्टोव्हनं आणि नंतर गॅसनं. बर्मा शेल कंपनीनं १९५५ साली मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला काढला. आमच्याकडे कित्येक घरांत तो उज्ज्वला योजनेतून आला, आणि ती योजना १ मे २०१६ची. गॅस घरात आला की ओटा नुसत्या हौसेचा राहत नाही. शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीला असावी, सिलिंडर उभाच ठेवावा, हा सुरक्षिततेचा नियम आहे. शेगडी जमिनीवर मांडून तो पाळायचा तर सिलिंडरसाठी खड्डा खणावा लागेल. आणि खड्ड्यात सिलिंडर कधीच ठेवू नये, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. ओट्याखाली सिलिंडर ठेवून पुढे दारं लावणाऱ्यांनी दारांना तळाशी जाळी ठेवावी ती यासाठीच. नुसती वरची जाळी इथे पुरत नाही.

तर चूल उठून उभी राहिली, बाकीचं सामान खालीच राहिलं. आजही भाजी ओट्यावर शिजते आणि भाकर खाली बसून थापली जाते, अशी घरं आमच्या गावात दाखवता येतील. लोक त्याला जुनी सवय म्हणतात. मला त्यात ओट्याची उंची चुकल्याची पावती दिसते.

आमच्याच घरचं सांगते. पहिला ओटा मिस्त्रीनं स्वतःच्या कमरेला हात लावून ठरवला. मिस्त्री चांगला पावणेसहा फूट. माझ्या सासूबाई चार फूट नऊ इंच. शेगडीवर गंज चढला की आतलं वरण त्यांना दिसायचं नाही; उकळीचा आवाज ऐकून, वाफेचा वास घेऊन अंदाज करायच्या. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "सगळ्याईचा असाच राह्यते, बाई." मग त्यांनी जेवायला बसायचा लाकडी पाट आणला, ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभं राहून सैपाक करू लागल्या. बसण्यासाठी घडलेला पाट आमच्या घरात अकरा वर्षं उभं राहायला वापरला गेला. एका दिवाळीत अनारसे तळताना तेलकट पाटावरून पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण परातीत पीठ मळताना तो हात पुढे कायम मागे राहिला.

म्हणून या पुस्तिकेत पहिलं प्रकरण उंचीचं आहे, दगडाचं नाही. हिशोब सोपा आहे. चप्पल काढून सरळ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्या-निवडण्याच्या कामाची उंची मिळते. पाच फुटांच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं. तिचा ओटा ३२ ते ३४ इंच. पण भाकर थापायला, पुरणपोळीची कणीक तिंबायला अंगाचा भार हातांवर यावा लागतो. त्यासाठी आणखी दोन-तीन इंच खाली उतरलेलं बरं. आणि शेगडी? ती स्वतःच चार-पाच इंच उंच, वर गंज, गंजात सराटा. तिथेही ओटा खालीच हवा. चिरायचं, थापायचं, शिजवायचं ही तिन्ही कामं एकाच उंचीवर व्हावीत असं कोणत्याही बाईनं ठरवलेलं नाही. दगडाची फळी अखंड मिळते, ती तोडायला मजुरी पडते, म्हणून ते ठरलं.

यात एक खोच आहे, आणि ती मी तीन घरांत चुकलेली पाहिली. मिस्त्री ओटा बांधतो तेव्हा खाली नुसता कोबा असतो. टाइल्स नंतर बसतात. मसाल्यासकट टाइल दोन इंच वर येते आणि बरोबर मापाचा ओटा दोन इंचांनी बुटका होतो. म्हणून माप घेताना भिंतीवर आधी तयार फरशीची रेघ मारून घ्यावी आणि तिथून वर मोजावं. मिस्त्री कुरकुरेल. कुरकुरू द्या.

सासू चार फूट नऊ, सून पाच फूट चार. मग कोपर कोणाचं धरायचं? या प्रश्नावर घरात अबोला झालेला मला ठाऊक आहे. माझं मत बुटक्या बाईच्या बाजूनं पडतं. उंच बाईला ओट्यावर जाड लाकडी पाटी टाकून आपली उंची करून घेता येते. बुटकीला दगड खाली दाबता येत नाही, तिच्या नशिबी पाट येतो आणि पाटाचं काय होतं ते वर सांगितलं. जागा असेल तर शेवटचा तीन फुटांचा तुकडा वेगळ्या उंचीचा करावा. त्याला खर्च फार नाही, फक्त दगड दोन तुकड्यांत कापावा लागतो आणि मिस्त्रीला "लोक काय म्हणतीन" एवढं ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडे वास्तू पाहणारे शेगडी आग्नेयेलाच हवी म्हणून भिंत पाडायला लावतात. उंचीविषयी त्यांनी कोणाला टोकलेलं मी अजून ऐकलं नाही.

हे दुखणं फक्त आपलं नव्हे. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजी. बाईंनी बायकांची एकेक हालचाल घड्याळ लावून तपासली, आगगाडीच्या डब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरावरून धडे घेतले, आणि तसली जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे म्हातारपणी त्यांनीच कबूल केलं की ते आखण्याआधी त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं की रांधलं नव्हतं. तरी त्यांनी निदान मोजलं. आमचा मिस्त्री मोजतो ते स्वतःला.

आता दगड. सगळे इथूनच सुरुवात करतात, म्हणून मी तो मुद्दाम उशिरा काढला.

आपण राहतो तोच मुळी काळ्या दगडावर. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं ते याच जातीच्या दगडात. आमची जाती, पाटे, वरवंटे त्याचेच. पाट्याला टाकी लावणारी बाई गल्लीत हाळी देत यायची ते मला चांगलं आठवतं. मग ओटा या दगडाचा का होत नाही? तर हा दगड थंड होताना जागोजाग भेगाळला आहे, आत वाफेच्या बुडबुड्यांची भोकं आहेत. जात्याला दीड फुटाचा निर्मळ तुकडा पुरतो. आठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाऊण इंच जाड अशी अखंड फळी त्यातून निघणं कठीण. म्हणून आपल्या दगडाची गिट्टी होऊन ती स्लॅबमध्ये जाते, आणि ओट्यासाठी दुसरा काळा दगड आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून ट्रकनं येतो. गंमत अशी की दुकानात काळं ग्रॅनाइट म्हणून मिळणारे बरेचसे दगड भूगर्भशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतातच. ते गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे चुलतभाऊ, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाल्यामुळे दाणेदार आणि अखंड राहिलेले. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीचा. तोही याच घराण्यातला.

कडप्पा हे वेगळं प्रकरण. कडप्पा, शहाबादी, कोटा ही तिन्ही नावं गावांची आणि तिन्ही दगड चुनखडीचे. एक आंध्रातला काळा, दुसरा कर्नाटकातल्या कलबुर्गीकडचा राखाडी, तिसरा राजस्थानातला निळसर-हिरवा. चुनखडीचं आंबटाशी जमत नाही. वऱ्हाडातल्या सैपाकखोलीत चिंच आहे, लिंबू आहे, ताक आहे, आणि वर अंबाडीची भाजी आहे. कडप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर उलटी राहिली की सकाळी तिथे पांढुरका डाग दिसतो. तो डाग घासून जात नाही, कारण तिथे काही लागलेलं नाही, दगडच खाल्ला गेलेला आहे. तेलाचा हात फिरवून झाकतात, चार दिवसांनी पुन्हा वर येतो.

म्हणून दुकानात जाताना पर्समध्ये अर्धं लिंबू ठेवा. पॉलिश केलेला कडप्पा आणि काळं ग्रॅनाइट उन्हात उभे केले तर भल्याभल्यांची फसगत होते. एखाद्या तुकड्यावर चार थेंब पिळा, दहा मिनिटं थांबा, पुसा. चकाकी गेली तर दगड चुनखडीचा. दुसरी परीक्षा चाकूची: कडप्प्यावर चाकूच्या टोकानं ओरखडा उठतो, चांगल्या ग्रॅनाइटवर उलट चाकूच बोथट होतो. तिसरी परीक्षा नखरंग काढायच्या द्रवाची. स्वस्त राखाडी दगडाला काळा रंग देऊन विकतात. कापसाचा बोळा त्या द्रवात भिजवून घासला आणि बोळा काळा झाला तर दुकानदाराला राम राम घालावा. चौथी पाण्याची. फळीवर थोडं पाणी सोडून पंधरा मिनिटं गप्पा माराव्या. पुसल्यावर खाली गडद ओल दिसली तर तो दगड पाणी पितो, उद्या तेल आणि हळदही पिईल. फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये हे जास्त. असा दगड मनात भरलाच असेल तर त्याला सीलर लावावं लागतं, आणि ते एकदा लावून भागत नाही. सगळ्यात शेवटी फळी उलटी करून पाहा. मागून जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली ते विचारा.

कडप्प्याला मी नावं ठेवते असं कोणी समजू नये. तापलेला तवा त्यावर उतरवून ठेवता येतो, भाव परवडतो, आणि ओट्याखालच्या मांडण्यांना त्याच्याइतका कामाचा दगड नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला आमच्यासारख्या सपाटीच्या भागात १,२०,००० रुपये ठरले आणि घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, तेही स्वयंपाकाची जागा धरून. त्या रकमेत ग्रॅनाइटचा हट्ट धरला तर दार बसवायचं राहून जातं. अशा घरी मी सरळ कडप्पा सांगते, आणि लिंबू चिरायला एक स्टीलची ताटली. उंचीला मात्र पैसे लागत नाहीत. घरकुलातलाही ओटा कोपराच्या मापाचा होऊ शकतो, हे पंचायतीच्या पायरीवर बसून मी कितीदा तरी सांगितलं आहे.

हल्ली मुलं पुण्याहून सुट्टीला येतात आणि क्वार्ट्झ म्हणतात. तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. गारगोटीचा चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास, बाकी राळ आणि रंग, असं दाबून केलेली फळी. डाग धरत नाही, रंग हवा तो मिळतो. पण राळेला ताप सोसत नाही. ठेच्यासाठी मिरच्या परतलेला तवा आपण सवयीनं जिथे उतरवतो तिथे पिवळा डाग पडतो आणि तो मग घराच्या आयुष्याला पुरतो. ज्या घरात चटके सोसणारी चुंबळ किंवा तिवई कायम हाताशी असते, तिथे खुशाल घ्यावा.

त्या चुऱ्याविषयी आणखी एक सांगायचं आहे. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. फळी वापरणाऱ्या बाईला त्यापासून धोका नाही. ती कापणाऱ्या, घासणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं सिलिकाच्या धुळीनं निकामी होत होती. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही. ही धूळ ग्रॅनाइटातही आहे, फक्त प्रमाण कमी. आपल्या अंगणात दगड कापणारा पोरगा नाकाला रुमाल गुंडाळून कोरडं ग्राइंडर चालवतो, पांढरा होऊन जातो, आणि आपण घराची खिडकी तेवढी लावून घेतो. पात्यावर पाणी सोडून कापलं तर धूळ बरीच बसते, आणि धुळीचा खरा मास्क म्हणजे रुमाल नव्हे. बादली आणि पाइप आपल्याच घरचे असतात. वेळ थोडा जास्त जातो, मजुरी शे-दोनशे जास्त मागतील, द्यावी. मी हे प्रकरण घातलं तेव्हा हस्तलिखित वाचणाऱ्या एकानं विचारलं, याचा ओटा निवडण्याशी काय संबंध. मी ते प्रकरण काढलं नाही.

बारीकसारीक पुष्कळ आहे, ते आत येईलच: सिंकसाठी भोक पाडलं की पुढे जी चार इंचांची पट्टी उरते तीच फळीची सगळ्यात नाजूक जागा, म्हणून खाली आधार हवा; खलबत्ता नेहमी खालच्या विटेच्या भिंतीच्या बरोबर वर ठेवावा, दोन भिंतींच्या मधल्या पोकळीवर ठेचा कुटला की एक दिवस फळीला केसाएवढी चीर जाते; पुढच्या काठाच्या खालून एक बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे सांडलेलं पाणी काठ वळून लुगड्यावर न येता खाली टपकतं; ढाळ सिंककडे द्यावा, पण इतका नको की अंडं गडगडावं. मुंबई-पुण्याच्या मासिकांतले रंगीत फोटो मी मुद्दाम घेतले नाहीत. त्यांत ओट्यापुढे कोणी उभं नसतं.

उंचीचं पहिलं प्रकरण एकटीनं वाचू नये. त्यात मापं आहेत आणि स्वतःचं कोपर स्वतःला नीट मोजता येत नाही. वाकून टेप बघायला गेलं की कोपर खाली येतं. एकीनं भिंतीला पाठ लावून उभं राहावं, दुसरीनं मोजावं, मग जागा बदलावी. आकडे पेन्सिलीनं सैपाकखोलीच्या कोऱ्या भिंतीवरच लिहून ठेवावे, मिस्त्रीला दिसतील असे, प्लास्टरवर चुना लागायच्या आत.